प्रेसवाल्याचं दूध

माझे आजोबा पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. पंचांगं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, असं त्या काळचं मराठी जग त्यांच्यासारख्यांच्या बोटांतून उलटं होऊन जायचं आणि कागदावर सुलटं उमटायचं. काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून देवनागरीला शेकडो खिळे लागतात. आजोबा ते न बघता उचलायचे आणि त्याचा त्यांना चांगलाच ताठा होता. १८६९ साली मुंबईत ‘निर्णयसागर’ छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींचं नाव निघालं की मात्र कानाच्या पाळीला हात लावायचे. “अक्षर बघावं तर निर्णयसागरचं. बाकीच्यांचे नुसते ठसे,” म्हणायचे.

खिळा म्हणजे मुख्यतः शिसं. तो कडक व्हावा म्हणून त्यात अँटिमनी आणि साच्यात नीट भरावा म्हणून थोडं कथील. संध्याकाळपर्यंत बोटं काळी व्हायची. त्याच बोटांनी तळहातावर तंबाखू आणि चुना मळायचा, अंगठ्याने चांगला रगडून, आणि चिमूट ओठाआड. आजोबांच्या गोष्टींत हे सगळं गमतीने यायचं. पोटात पीळ पडून गडाबडा लोळणारा शेजारच्या केसवरचा, म्हणजे खिळ्यांच्या कप्पेदार पेटीवरचा, गडी गमतीनेच यायचा. एका म्हाताऱ्या जुळाऱ्याचं, म्हणजे कंपोझिटरचं, मनगट असं पडलं की खिळे लावायची स्टिक धरवेना. त्याचा किस्सा सांगताना तेवढा आवाज खाली यायचा. उपायही ठरलेले होते: कामावरून आलं की गूळ, जमलं तर केळं आणि रात्री दूध. घरात रतीब बेताचाच, पण त्यातला मोठा पेला आजोबांचा. आजी म्हणायची, “प्रेसवाल्या माणसाला दूध हवंच.”

ही छापखान्यातली ऐकीव विद्या मी बरीच वर्षं हसण्यावारी नेली. पुढे बेंजामिन फ्रँकलिनचं एक पत्र वाचण्यात आलं. ३१ जुलै १७८६ ला त्याने बेंजामिन व्हॉन या मित्राला लिहिलेलं. १७२४ साली हा पोरसवदा फ्रँकलिन लंडनच्या एका छापखान्यात जुळारी होता. ओले खिळे वाळवायला केस शेकोटीपुढे तिरकी ठेवायची तिथे पद्धत होती. थंडीत गरम खिळे हाताला बरे वाटतात म्हणून फ्रँकलिन कोरडे खिळेही तापवू लागला. एका म्हाताऱ्या कामगाराने ते पाहिलं आणि सांगितलं, बाबा रे, असं करू नकोस, हात जातील. दोन सोबत्यांचे जवळजवळ गेलेच होते, त्यांची मजुरी निम्म्यावर आली होती. गरम खिळ्यांवर काम करताना आपल्या हाताच्या हाडांत कसलीशी ठसठस होते, हे फ्रँकलिनच्याही ध्यानात आलेलं होतंच. त्याने तो नाद सोडला. शेजारच्या खिळे ओतणाऱ्याने त्याला वेगळंच कारण सांगितलं: तापलेल्या शिशाच्या धुराचं काही नाही, हात न धुता जेवायला बसणाऱ्या गबाळ्यांच्या पोटात शिसं जातं. धुराबद्दल तो चुकला. हातांबद्दल मात्र त्याने आमच्या तंबाखूवाल्यांचं निदान अडीचशे वर्षं आधी करून ठेवलं होतं.

फ्रँकलिनला जी ठसठस हाडांत वाटली ती नसांचीही असेल. पण हाडाचं नाव त्याने काढलं ते खरं ठरलं. शरीरात गेलेलं शिसं रक्तात फार काळ राहत नाही. महिन्याभरात निम्मं होतं. उरलेलं कुठे जातं? काही लघवीवाटे बाहेर पडतं आणि बाकीचं बहुतेक हाडात मुरतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत आणि दातांत असतं आणि टणक हाडातून ते निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात.

हाडाचं काम जुळाऱ्यासारखंच. छापून झालेला मजकूर सोडायचा, खिळे कप्प्यांत टाकायचे, नवा जुळवायचा. सांगाड्याचा जवळपास दहावा हिस्सा दर वर्षी असा मोडून नव्याने बांधला जातो. शिसं कॅल्शियमच्या कप्प्यात शिरतं आणि हाडाला ते चटकन ओळखू येत नाही. वर ते हाड बांधणाऱ्या पेशींचं काम मंदावतं आणि मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचं कामाला येणारं रूप तयार होण्यातही आडवं येतं. म्हणजे मजकूर मोडणारे कामावर हजर आणि जुळवणारे अर्धे सुट्टीवर.

आता आजोबांच्या दुधाकडे येते. ते अगदीच खुळ नव्हतं. आहारात कॅल्शियम आणि लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. दुधाने शिसं धुऊन निघत नाही, पण उपाशी हाडापेक्षा पोसलेलं हाड बरं. माझी तक्रार वाटणीबद्दल आहे. आजोबांचा सदरा आणि धोतर आजी धुवायची, ते झटकून, दगडावर आपटून, काळं पाणी मोरीत सोडून. कामाच्या कपड्यांवरून घरी येणारी शिशाची धूळ घरातल्यांच्या अंगात जाते, हे आता सगळं जग मानतं. त्या आजीच्या वाट्याला दूध यायचं ते चहापुरतं. त्यावर तिने पाच बाळंतपणं काढली.

गर्भारपण, अंगावर पाजणं आणि पाळी जाणं, या तीन वेळी बाईच्या हाडातून कॅल्शियम भराभर निघतं आणि त्याबरोबर मुरलेलं शिसंही. ब्रायन गल्सन या संशोधकाने पूर्व युरोपातून ऑस्ट्रेलियात आलेल्या बायका तपासल्या. दोन्हीकडच्या शिशातल्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं, त्यामुळे कुठलं शिसं कुठलं ते ओळखता येतं. गर्भारपणात त्यांच्या रक्तात उतरत होतं जुन्या मुलखातलं, हाडात साठलेलं शिसं. हे १९९७ साली छापून आलं. त्याआधी, १९८८ मध्ये, एलन सिल्बरगेल्ड यांनी पाळी गेलेल्या बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं दाखवलं होतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की रक्तात शिसं वाढलेल्या गर्भवतीच्या आहारात कॅल्शियम कमी असेल तर तिला ते द्यावं. तो मोठा पेला आजीचाही होता, एवढंच मला म्हणायचं आहे.

जपानात जिंझू नदीच्या काठी तर हाच हिशेब कॅडमियम या दुसऱ्या धातूने मांडला. खाणीचं पाणी नदीत, नदीचं पाणी भातखाचरांत. तिथे आधी मूत्रपिंडं गेली, मग हाडं इतकी मऊ झाली की खोकल्यानेही मोडावीत. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा रोग मानला. रोगी बहुतेक कोण, तर उतारवयाच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायका.

गेल्या पावसाळ्यात माझी आत्या अंगणात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला सांगितली. पाळी कधी गेली, मुलं किती, दूध घेता का, सगळं विचारलं. वडिलांचा धंदा विचारला नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हे. साठीपुढच्या बाईचं मनगट मोडायला शिशाची गरज लागत नाही. आत्यानेच सांगितलं, सुट्टीत मी वडिलांबरोबर छापखान्यात जायची, खिळे कप्प्यांत टाकायला. डॉक्टर क्षणभर थांबले. म्हणाले, इतक्या वर्षांनी रक्तात फारसं दिसायचं नाही. नडगीवर क्ष-किरण लावून हाडातलं शिसं मोजता येतं, पण ती यंत्रं संशोधनासाठी वापरतात.

“मग राहू दे,” आत्या म्हणाली. “पण तुमच्या कागदावर लिहून ठेवा, कंपोझिटरची मुलगी.”