पट्टा आणि पोतं

डेडलिफ्टआधी आपण कमरेला पट्टा आवळतो. श्वास भरून पोट पट्ट्यावर दाबलं की आतला दाब वाढतो, मणक्याला टेकू मिळतो. अणदूरकडच्या आडतीवर हमाल मात्र क्विंटलभराचं पोतं नुसत्या पाठीवर वाहायचे. तेही दिवसभर, रेप्स कोण मोजणार!

१९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. १९६९ मध्ये अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा आला. मग हमालांनाही पट्टे द्यावेत? अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेने १९९४ मध्ये सांगितलं की पट्ट्याने निरोगी कामगाराची पाठ वाचते, असा पुरेसा पुरावा नाही. मला तरी पट्टा दोन-चार जड रेप्सपुरताच पटतो. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीची मागणी वेगळी होती. पोतं ५० किलोचं करा, म्हणून ती भांडत राहिली.