जयपूरच्या गादीचा तंटा व मराठ्यांची मध्यस्थी

घरच्या भांडणांत परक्याची फौज बोलाविल्यानें काय होतें याचें उदाहरण देतांना आपले लेखक बहुधा राघोबादादांचा सुरतेचा तह (सन 1775) किंवा दुसऱ्या बाजीरावाचा वसईचा तह (सन 1802) पुढें करितात. त्या दोन्ही प्रसंगीं बोलाविणारे आपण होतों. परंतु त्यापूर्वीं जयपुरांत असा एक प्रसंग घडला कीं, तेथें भांडण दुसऱ्याचें होतें आणि परकी फौज आपली होती. त्याची हकीकत संशोधकांनीं निःपक्षपातानें तपासण्यासारखी असल्यामुळें येथें थोडक्यांत देतों.

सवाई जयसिंह सप्टेंबर 1743 मध्यें वारला आणि वडील पुत्र ईश्वरीसिंह गादीवर बसला. धाकटा माधवसिंह हा उदेपूरच्या राजकन्येचा मुलगा. सन 1708 मध्यें उदेपूर, आंबेर व जोधपूर या तीन घराण्यांत जो करार झाला, त्यांत उदेपूरच्या कन्येचा पुत्र धाकटा असला तरी गादी त्यास मिळावी, असें ठरलें होतें. म्हणजे एकाचा हक्क जन्माचा व दुसऱ्याचा कराराचा. दोन्ही अगदींच निराधार नव्हते. असा वाद पूर्वीं दिल्लीच्या बादशहाच्या शिक्क्यानें मिटला असता; परंतु त्या शिक्क्यांत आतां जोर राहिला नव्हता. पंचाची ती रिकामी जागा मराठ्यांकडे आली. महाराणा जगतसिंहानें माधवसिंहाचा पक्ष घेतला, आणि दोन्ही पक्षांचे वकील मराठी छावण्यांत खेटे घालूं लागले.

सन 1747 च्या राजमहालच्या लढाईंत मल्हारराव होळकरांचा पुत्र खंडेराव माधवसिंहाच्या बाजूनें होता. तरी जय ईश्वरीसिंहाचा झाला. त्या विजयाचें स्मारक म्हणून उभारलेला ईसरलाट मनोरा जयपुरांत अद्याप उभा आहे. पुढील सालीं नानासाहेब पेशवे स्वतः त्या प्रांतीं गेले. ऑगस्ट 1748 मध्यें बगरू येथें मल्हाररावांनीं ईश्वरीसिंहास कोंडीत धरिलें. त्याच्या मदतीस सुरजमल जाट होता, तथापि शेवटीं त्यास अटी मान्य कराव्या लागल्या. माधवसिंहास परगणे द्यावे, बुंदीचें राज्य उमेदसिंहास परत करावें आणि मराठ्यांस द्रव्य द्यावें, असें ठरलें. कागदावर हा निवाडा वाईट नव्हता. वडिलाची गादी राहिली, धाकट्यास वांटा मिळाला, आणि बुंदीचा जुना तंटाहि मिटला.

निवाडा बिघडला तो पैशाच्या कलमांत. युद्धानें रिता झालेला खजिना हप्ते फेडूं शकेना. त्यांतच ईश्वरीसिंहानें आपला अनुभवी मंत्री केशवदास यास विष देवविलें. केशवदासाचा मल्हाररावांशीं स्नेह असल्यामुळें बोलण्याचा तो एक मार्गहि बंद झाला. सन 1750 च्या डिसेंबरांत होळकरांची फौज जयपुराजवळ आली, तेव्हां त्या हताश राजानें आत्मघात केला. माधवसिंह गादीवर बसला. मराठ्यांनीं ज्याचा पक्ष धरिला त्याचें काम पूर्ण झालें. आतां स्नेहच वाढावयाचा, असें कोणासहि वाटलें असतें.

घडलें तें उलट. 10 जानेवारी 1751 रोजीं मराठे लोक शहर पाहावयास व खरेदीस आंत गेले असतां नगरवासी व राजपूत त्यांजवर तुटून पडले. दरवाजे बंद झाले आणि बेसावध माणसांची कत्तल रात्रीपर्यंत चालली. या कृत्यास विश्वासघात म्हणणें योग्यच आहे. निःशस्त्र पाहुण्यांच्या वधाचें समर्थन होऊं शकत नाहीं. परंतु तेवढ्यानें संशोधकाचें काम संपत नाहीं. ज्याला गादीवर बसविलें त्याच्याच राजधानींत हें कां घडावें?

कारण, आमच्या मतें, मध्यस्थीच्या स्वरूपांतच होतें. गादीबरोबर माधवसिंहाकडे देणेंहि आलें. काल साहाय्यक असलेली फौज आज सावकार झाली. शहरवासीयांस तर पक्षांतील फरक कधींच जाणवला नव्हता. राजा कोणताहि असो, हप्त्याचा भार त्यांच्यावरच पडत असे. शिवाय पंचांचें तोंडहि एक नव्हतें. होळकरांचा ओढा माधवसिंहाकडे, तर शिंद्यांच्या गोटाचा ईश्वरीसिंहाकडे. ज्या पंचाला निवाड्याची फी हवी असते, त्यास तंटा अजिबात मिटावा असें मनापासून वाटत नाहीं; आणि हें पक्षकारांस कळल्यावांचून राहत नाहीं.

त्याचें फळ पुढें मिळालें. जोधपूरच्या अशाच तंट्यांत रामसिंहाच्या बाजूनें लढतांना जयाप्पा शिंदे जुलै 1755 मध्यें नागोर येथें मारेकऱ्यांच्या हातून पडले. सन 1761 मध्यें पानिपतावर राजपूत राजे मराठ्यांच्या साहाय्यास आले नाहींत. आणि त्याच सालच्या नोव्हेंबरांत मांगरोळ येथें मल्हाररावांस माधवसिंहाशींच लढावें लागलें.

सुरत व वसई येथील तह वाचतांना आपणांस इंग्रजांचा लोभ स्पष्ट दिसतो. तीच दृष्टि बगरूच्या तहाकडे वळविण्यास धैर्य लागतें. संग्राहकांस एवढीच विनंती कीं, राजस्थानकडील कागद हातीं आल्यास केवळ तहनामे व लढायांचीं पत्रें जपून हप्त्यांच्या यादी, हुंड्या व बाकीचे तगादे रद्दींत टाकूं नयेत. तह कसा झाला हें तहनाम्यावरून कळतें. तो कां टिकला नाहीं, हें बहुधा त्या यादींवरून कळतें.