कोट गेला, मैदानं राहिली

चर्चगेट स्टेशनच्या जागी 'गेट' कधीच नव्हतं. मूळ चर्च गेट तिथून पूर्वेला, आजच्या हुतात्मा चौकाजवळ होतं. त्यातून आत गेलं की सेंट थॉमस चर्च लागायचं, म्हणून ते नाव. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे जुनी सिस्टिम काढून टाकली, तरी तिने पाडलेली नावं आणि आखलेल्या हद्दी वर्षानुवर्षं मागे राहतात. मुंबईच्या कोटाचं तसंच झालं आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा कोट बांधला. त्याला तीन दरवाजे होते: अपोलो, चर्च आणि बाजार. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि इंग्रजांचं धाबं दणाणलं. पुढे व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोटाभोवती खंदक खणला गेला. शत्रूला आडोसा मिळू नये, तोफांचा मारा अडू नये, म्हणून कोटासमोरची जमीनही मोकळी ठेवली गेली. १८०३ मध्ये कोटातल्या दाट वस्तीला भीषण आग लागली. त्यानंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद झाली.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कोटाचं मुख्य कारणच उरलं नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत वाहू लागला, आणि कोटाच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात भिंती पाडल्या गेल्या. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पुढे सचिवालय, विद्यापीठ आणि हायकोर्ट उभं राहिलं. मराठ्यांच्या धास्तीने जपलेल्या वेशीजवळच २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर गोळीबार झाला.

जुन्या तटबंदीचं जतन म्हटलं की आपण दगड शोधतो. ते सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात थोडेफार सापडतात. मला मात्र या कोटाचा सर्वांत मोठा अवशेष ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदानात दिसतो. तिथल्या क्रिकेटचा आणि मोर्चांचा विचार कोट बांधणाऱ्यांनी केला नव्हता. 'इथे बांधायचं नाही' हा लष्करी नियम तेवढा होता. तो नियम राबवणाऱ्या तोफा आता नाहीत. इंच इंच जमीन विकल्या जाणाऱ्या या शहरात ती मनाई आता नागरिकांनाच राबवावी लागते.