उंचीचा वर्ग आणि मुलाचा लठ्ठपणा

वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे सूत्र मुळात मुलांसाठी नव्हतेच. बेल्जियमचे गणितज्ञ केटले यांना १८३२ च्या सुमारास आढळले, की प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते. वाढत्या वयात मात्र हा घातांक अडीचच्या आसपास असतो. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी पाच देशांतील सात हजारांवर पुरुषांची मापे तपासून या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले.

मुलांमध्ये हा निर्देशांक तान्हेपणानंतर सुमारे सहाव्या वर्षापर्यंत उतरतो, मग चढतो. म्हणून २००० मध्ये टिम कोल व सहकाऱ्यांनी मुलगे व मुली यांच्यासाठी वयानुसार वेगवेगळ्या मर्यादा मांडल्या.

तरीही वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. कातडीची घडी चिमट्यात धरून मोजली, की त्वचेखालची चरबी समजते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या अभ्यासात नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती. पाठीवरची घडी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती.

तेव्हा शाळेच्या तपासणीतला आकडा ही चाळणी आहे, निदान नव्हे. त्यावरून कोणाला ‘लठ्ठ’ ठरवू नये, आणि हडकुळ्या मुलाला निर्धास्तही सोडू नये.