चाळीस दिवसांचा एकांत

फारसी सूफी काव्यातील एकांताचा विषय निघाला की समीक्षक बहुधा युंगकडे वळतात. त्याला आधारही आहे. कुराणाच्या अठराव्या सूरेतील गुहेत निद्रिस्त झालेल्यांच्या कथेवर युंगने स्वतः लिहिले आहे. गुहा ही त्याच्या मते माणूस आतून नवा होण्याची जागा. परंतु गुहा, विहीर, गर्भ ही सारी एकाच आदिबंधाची रूपे, एवढे म्हणून थांबल्यास कवीने त्या आदिबंधाचे काय केले, हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो, असे आम्हांस वाटते.

अत्तारचे ‘मुसीबतनामा’ या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. निशापूरचा हा कवी, व्यवसायाने औषधविक्रेता. त्याच्या ‘मन्तिकुत्तैर’मधील पक्षी जगभर पोहोचले, ‘मुसीबतनामा’ मात्र त्या मानाने उपेक्षित राहिले. (पक्ष्यांचे भाग्य थोर, दुसरे काय!) त्याची चाळीस प्रकरणे म्हणजे ‘चिल्ला’, साधकाचा चाळीस दिवसांचा एकांतवास. ही संख्या कवीच्या लहरीतून आलेली नाही. मूसाने पर्वतावर घालवलेल्या चाळीस रात्रींचा आदर्श साधकांपुढे होता, आणि उमर सुहरावर्दी (मृत्यू १२३४) यांच्या ‘अवारिफुल मआरिफ’ या अरबी ग्रंथात अशा एकांताचे नियम सांगितलेले आहेत. आदिबंधाच्या मागे एक प्रत्यक्ष आचार उभा होता, तो असा.

अत्तारचा साधक जागचा हलत नाही. प्रवासाला निघतो तो त्याचा विचार. जिब्रीलपासून आरंभ करून तो अर्श, लेखणी, स्वर्ग, नरक, सूर्य, वारा, पर्वत, पशुपक्षी, इतकेच नव्हे तर सैतानाच्याही दारी जातो आणि आपल्या व्यथेवर उपाय विचारतो. प्रत्येक जण उत्तरादाखल स्वतःचेच दुःख सांगतो! दर भेटीनंतर तो पीराकडे परततो, आणि पीर त्या भेटीचा अर्थ उलगडतो. पुढे पैगंबरांची मालिका येते. तिच्या शेवटी मुहम्मद त्याला अंतर्यात्रेची वाट दाखवतात : इंद्रियज्ञान, कल्पना, बुद्धी, हृदय आणि अखेर प्राण. तू वणवण करून जे शोधलेस ते तुझ्यातच होते, असे प्राण सांगतो.

तो शोध आरंभीच का संपला नाही? आमच्या मते अत्तारचे वेगळेपण येथेच आहे. युंगची गुहा माणसाला जगापासून झाकून घेते. अत्तारच्या एकांतात सारे जग आपली व्यथा घेऊन शिरते, आणि ती ऐकल्यावाचून साधकाला स्वतःपर्यंत पोहोचता येत नाही. नक्शबंदी परंपरेत तर ‘खल्वत दर अंजुमन’, म्हणजे भरल्या सभेतला एकांत, हे साधनेचे एक सूत्रच ठरले.