त्रिकोणी जाळी : किमान कोनाचे नियंत्रण

सपाट क्षेत्राची, कडेला कड जुळवून, त्रिकोणांत केलेली विभागणी म्हणजे त्रिकोणी जाळी. फायनाइट एलिमेंट पद्धतीत ताण किंवा पाझर यांचे गणित तिच्यावर मांडतात. चिंचोळ्या त्रिकोणांमुळे उत्तरातील चूक फुगण्याचा धोका असतो, म्हणून सर्वांत लहान कोनाला खालची मर्यादा घालतात. ही अट झ्लामाल यांनी 1968 मध्ये मांडली. मात्र अंतर्वेशनातील चुकीचे खरे मूळ 180° च्या जवळ जाणारा मोठा कोन हे आहे, असे बाबुश्का व अझीझ यांनी 1976 मध्ये दाखवले. किमान कोन θ असला, की मोठा कोन 180° − 2θ च्या आतच राहतो. त्यामुळे व्यवहारात जुनीच अट टिकून आहे. जमिनीच्या त्रिकोणी सर्वेक्षणातही 30° पेक्षा लहान कोन टाळतात.

दिलेल्या बिंदूंवरील सर्व रचनांत डेलोने यांची रचना (1934) किमान कोन सर्वांत मोठा ठेवते. बिंदूच गैरसोयीचे असतील, तर नवे घालावे लागतात. च्यू (1989) यांच्या रीतीत 30° ची हमी आहे, पण त्रिकोण सर्वत्र सारख्या आकाराचे, म्हणून संख्येने फार. रूपर्ट (1995) चिंचोळ्या त्रिकोणाच्या परिकेंद्रावर बिंदू घालतात. तो सीमेच्या एखाद्या खंडाच्या व्यासवर्तुळात पडत असेल, तर त्याऐवजी तो खंडच मधोमध तोडतात. परित्रिज्या व सर्वांत लहान बाजू यांचे गुणोत्तर √2 पर्यंत ठेवल्याने किमान कोन सुमारे 20.7° मिळतो. शेवचुक यांच्या ‘ट्रायँगल’ या संगणकप्रणालीत मुळात 20° ठेवलेले आहेत.

सीमेतलाच कोन लहान असेल, तर तो मोठा करता येत नाही. मातीच्या धरणांत हे हमखास घडते. शहापूर तालुक्यातील भातसा धरणासारख्या, माती व दगडी बांधकाम अशा संयुक्त धरणात मातीच्या भागाचा उतार 3 आडवे : 1 उभे धरला, तर पायथ्याच्या टोकाशी 18.4° चा कोन होतो, म्हणजे रूपर्ट यांच्या मर्यादेच्याही खाली. पाझराचा अंदाज नेमका तिथेच अचूक हवा असतो. अशा अरुंद कोनात एका कडेचा मध्यबिंदू दुसरीच्या व्यासवर्तुळात पडतो, दुसरी तुटते, मग पुन्हा पहिली. गणनविधी थांबतच नाही. त्यावर टोकाभोवती समकेंद्री वर्तुळे कल्पून दोन्ही कडा टोकापासून सारख्या अंतरावर तोडतात. टोकाचा कोन तसाच राहतो, तुटण्याची साखळी थांबते.

त्रिमितीत मात्र परित्रिज्या व सर्वांत लहान बाजू यांचे गुणोत्तर राखूनही चपटे चतुष्फलक उरतात.