रोलप्लेमध्ये खोट असलेलं पात्र कसं लिहायचं?

व्हॉट्सअ‍ॅप किंवा डिस्कॉर्डवर चार जण मिळून काल्पनिक जगाची गोष्ट लिहितात, प्रत्येक जण आपापल्या पात्राच्या पोस्ट टाकतो. हा झाला रोलप्ले. नवीन आलेला बहुतेक वेळा कधीच न हरणारं पात्र घेऊन येतो. अशा पात्राला ‘मेरी सू’ म्हणतात. 1973 मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या कथांची थट्टा करताना हे नाव वापरलं होतं.

मग लोक प्रोफाइलमध्ये ‘रागीट’ एवढंच लिहून मोकळे होतात. त्याचा उपयोग शून्य. मी कोड लिहितो, त्यामुळे मला खोट अटीसारखी लागते: अमुक घडलं की पात्र तमुक करतं, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

आमच्या डहाणूच्या ग्रुपमधला वाटाड्या घ्या. गोष्टीतलं जंगल तलासरीकडचं, फक्त तिथली झाडं रात्री जागा बदलतात. या गड्याला ‘वाट माहीत नाही’ असं म्हणताच येत नाही. कुणी विचारलं की ठोकून देतो. म्हणजे खोट चालू करायचं बटण इतरांच्या हातात! त्याच्या अशाच एका थापेमुळे रेवा या पात्राचा भाऊ जंगलात हरवला. रेवा लिहिणाऱ्या मैत्रिणीला मी आधी वेगळा मेसेज करून विचारलं होतं. दुसऱ्याच्या पात्राचं नुकसान परस्पर लिहिलं की ग्रुप फुटतो.

सुधारणेचीही घाई नको. वाटाड्या तीन पोस्टमध्ये शहाणा झाला असता, तर रेवाचा राग फुकट गेला असता. आता ती त्याला विचारतच नाही, दिवा घेऊन पुढे चालते. तो मागून अजूनही ‘डावीकडे’ म्हणतो.